पाच बाटल्या, एक तारली: माशाची चरबी नक्की कशात काढायची?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी तेवीस वर्षं काम करते. फरसाणाचं तेल, मसाले, दूध, गुरांचं खाद्य, बडोद्यात जे जे तपासायला येतं ते आमच्याकडे येतं. मासळी मात्र कधी आली नव्हती. बडोद्याला समुद्र नाही, आणि निम्मं गाव मासळीचं नाव काढलं की नाक मुरडतं. आम्ही दांडिया बाजारातले सीकेपी, त्यामुळे घरी बोंबील असतोच. पण घरचा बोंबील वेगळा आणि लॅबमधला वेगळा, हे मला गेल्या वर्षी कळलं.

फिश मील आणि माशाचं तेल बनवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने थर्माकोलचे डबे पाठवले. कर्नाटकच्या किनाऱ्यावरची तारली, जाफराबादचे बोंबील (ताजे आणि सुके दोन्ही), ओख्याकडचं अल्वा म्हणजे ते हिरवं पातळ पानासारखं समुद्री शेवाळ, आणि थोडी कोलंबीची डोकी. विचारणा साधी होती: एकूण चरबी किती, त्यात ईपीए आणि डीएचए (माशातली ओमेगा-३ फॅटी ॲसिड) किती, आणि रोजच्या तपासणीला कोणतं सॉल्व्हंट, म्हणजे चरबी विरघळवून काढणारा द्रव, धरावं. आमचे साहेब म्हणाले, "सॉक्सलेटला लावून टाका, बेन." गुरांच्या खाद्याला आम्ही तेच करतो. वाळवलेला नमुना थिंबल नावाच्या कागदी नळकांड्यात, खाली पेट्रोलियम ईथर, सहा तास चालू.

सॉक्सलेट हे दुधाची चरबी काढायला १८७९ साली काढलेलं उपकरण आहे आणि कोरड्या, तेलकट मालाला ते अजूनही उत्तम. शेंगदाण्याच्या पेंडीला मी आजही दुसरं काही वापरणार नाही. माशाला मात्र त्यात दोन अडचणी. एक, आधी वाळवावं लागतं आणि मग तासन्‌तास उकळावं लागतं. ईपीएत पाच आणि डीएचएत सहा दुहेरी बंध, म्हणजे हवा आणि उष्णता लागली की खवट होण्याची पूर्ण तयारी. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. पेट्रोलियम ईथर साठवणीची चरबी घेऊन येतं, पेशींच्या पडद्यातली नाही. तो पडदा फॉस्फोलिपिड या चरबीचा, पाण्यात आणि प्रथिनात रुतलेला. त्याला सोडवायला अल्कोहोल लागतं. बोंबलासारख्या रोडक्या माशात चरबीचा मोठा भाग त्या पडद्यातच असतो, त्यामुळे सॉक्सलेटचा आकडा बघून वाटतं की या माशात काही नाहीच.

तेव्हा साहेबांना विचारून पाच प्रकार मागवले आणि तीन आठवडे तेच करत बसले. खाली जे आहे ते त्या तीन आठवड्यांचं मत आहे. फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) एकच, रोटाव्हेपर (सॉल्व्हंट उडवायचं यंत्र) एकच, ट्रेनी मुलगी एक, आणि महिना मे. शेवटचं लक्षात ठेवा.

क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल

जुनी जोडी. हिचे दोन अवतार आहेत आणि लोक ते एकच समजून वापरतात, सगळा घोळ तिथे. पहिला फोल्चचा, १९५७ सालचा, मेंदूच्या ऊतींसाठी: दोन भाग क्लोरोफॉर्म, एक भाग मिथेनॉल, आणि नमुन्याच्या वीसपट सॉल्व्हंट. पाच ग्रॅम मासा असेल तर शंभर मिली. गाळून घ्यायचं, मग त्याच्या एक पंचमांश मिठाचं पाणी घालून हलवायचं आणि खालचा थर घ्यायचा. दुसरा ब्लाय आणि डायर यांचा, १९५९ सालचा, कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये कॉड माशावर बसवलेला. कॉडचं मांस म्हणजे ऐंशी टक्के पाणी आणि जेमतेम एक टक्का चरबी. त्यांनी हिशोब असा मांडला की शंभर ग्रॅम मांसातलं ऐंशी ग्रॅम पाणी हेच तिसरं सॉल्व्हंट धरायचं. त्यात शंभर मिली क्लोरोफॉर्म, दोनशे मिली मिथेनॉल. एकास दोनास शून्य पूर्णांक आठ. या प्रमाणात तिन्ही एकजीव होतात, थर पडत नाही, आणि सॉल्व्हंट ओल्या मांसात आत शिरतं. मग आणखी शंभर क्लोरोफॉर्म, शंभर पाणी, की दोन थर होतात. चरबी खाली, मीठ-साखर-प्रथिनांचा चुरा वर.

ही युक्ती मला फार आवडते. आपण नमुना वाळवायला धडपडतो आणि या दोघांनी त्यातलं पाणीच कामाला लावलं. पण म्हणूनच पाणी मोजल्याशिवाय ही पद्धत करता येत नाही. आमच्या ट्रेनीने पहिल्या दिवशी ताजा बोंबील, सुका बोंबील आणि वाळवलेलं अल्वा, तिघांना एकच माप लावलं. सुक्या बोंबलात आणि अल्वात पाणी नाहीच, तर ते वरून घालायला हवं होतं. ताज्या बोंबलात उलट, तो जवळजवळ सगळा पाणीच (घरी साफ करताना चिमटीतून निसटतो तो त्यामुळेच). तिथे मिश्रण गढूळ झालं, म्हणजे एकजीवपणा मोडायला लागला. गढूळ दिसलं की घाबरायचं नाही, थोडं मिथेनॉल सोडायचं, परत स्वच्छ होतं. पोरगी म्हणाली, "ताई, पुस्तकात तर हे नाही." मी म्हटलं, पुस्तकातला मासा कॉड आहे, आपला जाफराबादचा आहे.

बोंबलावर हे दोन्ही अवतार सारखेच निघाले. तारलीवर नाही. पावसाळ्यानंतरची तारली चांगलीच चरबी धरते, आणि आमचा माल फ्रीझरमधला त्याच मोसमातला होता. ब्लाय-डायरचा आकडा फोल्चपेक्षा इतका खाली आला की मी आधी तराजूला दोष दिला, बीकर पुन्हा ओलावा शोषणाऱ्या डेसिकेटरमध्ये ठेवून पुन्हा वजन केलं. तराजू बरोबर होता. शोधल्यावर कळलं, हे माहीतच असलेलं दुखणं आहे. २००१ साली आयव्हर्सन आणि सहकाऱ्यांनी समुद्री प्राण्यांवर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावून बघितल्या: चरबी दोन टक्क्यांच्या आत असेल तोवर दोन्ही एकच बोलतात, त्यापुढे ब्लाय-डायर कमी दाखवायला लागते आणि सगळ्यात तेलकट नमुन्यात निम्म्यापर्यंत घसरते. सॉल्व्हंटच तेवढं नाही ना. गंमत म्हणजे आयव्हर्सनबाईही हॅलिफॅक्सच्याच. त्याच गावातल्या पद्धतीची चूक त्याच गावाने बेचाळीस वर्षांनी काढली.

आता बाटलीविषयी. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा दीडपट जड, त्यामुळे चरबी खालच्या थरात. सेपरेटिंग फनेलची चावी उघडली की सरळ खाली येते, हे सोयीचं. सेंट्रिफ्यूजच्या नळीत मात्र तोच थर मधल्या प्रथिनाच्या पांढऱ्या चकतीच्या खाली अडकतो आणि पाश्चर पिपेट त्या चकतीतून खुपसावी लागते. दर वेळी थोडा कचरा बरोबर येतोच. प्लॅस्टिक याच्याजवळ आणायचं नाही. पॉलिस्टायरीनची नळी तर डोळ्यांदेखत लोळागोळा होते. आमच्या ट्रेनीने फ्लास्कच्या तोंडाला पॅराफिल्म लावली, सकाळी ती आत उतरली होती आणि चरबीचं वजन छान वाढलं होतं. काचेची भांडी, टेफ्लॉनचं अस्तर असलेली झाकणं, बस.

उजेडात आणि हवेत क्लोरोफॉर्म फुटून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून तपकिरी बाटली आणि म्हणून त्यात थोडं इथेनॉल किंवा अमिलीन घातलेलं असतं. एका विक्रेत्याने मला पारदर्शक बाटलीत ओतलेला माल दिला होता, कधी उघडला कोण जाणे. परत पाठवला, आणि पैसे मिळायला दोन महिने लागले. घेताना लेबलवर स्टॅबिलायझर कोणता हे वाचा. यकृताला हा वाईट, आणि कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत आहे. हूड चालू नसेल तर झाकणाला हातही लावू नका.

हे सगळं धरूनही पाचपैकी साडेचार. शंका आली की मी अजून फोल्चकडेच जाते.

डायक्लोरोमीथेन

क्लोरोफॉर्मच्या जागी हे घाला, त्रास कमी, असं सांगतात. काढण्याच्या बाबतीत मला तक्रार नाही, तारली आणि बोंबील दोन्हींत क्लोरोफॉर्मच्या बरोबरीने चाललं. तक्रार महिन्याची आहे. डायक्लोरोमीथेन, म्हणजे डीसीएम, चाळीस अंशाला उकळतं. बडोद्याचा मे महिना चाळिसाच्या वर असतो. आमच्या लॅबचा एसी दुपारी दमला की पिपेटमधून ते आपोआप टपकायला लागतं, मोजमाप कसलं राहतंय. सेपरेटिंग फनेल हलवून मी चावी उघडून हवा सोडायला अर्धा सेकंद उशीर केला, तर बूच उडून ट्यूबलाइटच्या पट्टीला लागलं. अर्धी तारली हूडच्या काचेवर. शिवाय हे नायट्राइलच्या हातमोज्यातून बघता बघता पार होतं, आणि शरीरात गेलं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. रोटावर मात्र चुटकीसरशी उडतं, तेवढं सुख.

डिसेंबरात तीन तारे देईन. मे महिन्यात एक, तोही रोटासाठी.

हेक्झेन

दुकानातले काका दर वेळी सांगतात, "बेन, हेक्झेन लई जाओ ने, सस्तुं पडशे." पडतं सस्तं. तेल काढणारे कारखाने हेच वापरतात आणि तेलबियांना ते योग्यच आहे. पण ओल्या माशात एकटं हेक्झेन म्हणजे पावसात रेनकोट घालून आंघोळ. पाण्याच्या थरापलीकडे ते जातच नाही. वाळवून घेतलं तरी फॉस्फोलिपिड आणि शेवाळातली ग्लायकोलिपिड (साखर जोडलेली चरबी) मागेच राहतात.

याचा पुरावा बघायला महागडं यंत्र नको. टीएलसी प्लेट (अर्कातले घटक वेगळे करून दाखवणारी पातळ थराची पट्टी) घ्या, एका रेषेवर फोल्चचा अर्क, शेजारी हेक्झेनचा. हेक्झेन, ईथर आणि ॲसेटिक ॲसिड ऐंशी-वीस-एक या प्रमाणात चालवा आणि आयोडीनच्या डबीत ठेवा. ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साठवणीच्या चरबीचा, तपकिरी ठिपका दोघांचा वर दिसेल. खाली, जिथे थेंब ठेवला होता तिथे, फोल्चचा गडद डाग बसलेला असतो, ती सगळी ध्रुवीय चरबी, म्हणजे फॉस्फोलिपिड वगैरे. हेक्झेनच्या ओळीत तिथे जवळपास काही नाही. ती प्लेट मी साहेबांच्या टेबलावर ठेवली, बोलले काहीच नाही. डीएचएचा बराच वाटा फॉस्फोलिपिडमध्येच असतो, तेव्हा गिऱ्हाइकाला तोच आकडा हवा असेल तर हेक्झेनवाला अहवाल कागद म्हणूनच ठीक.

हेक्झेनची वाफ नसांना वाईट, हेही दुकानातले काका सांगत नाहीत.

हेक्झेन आणि आयसोप्रोपॅनॉल

त्याच हेक्झेनच्या तीन भागांत दोन भाग आयसोप्रोपॅनॉल घातलं की माणूस बदलतो. हारा आणि रॅडिन यांची १९७८ सालची पद्धत, क्लोरोफॉर्म टाळण्यासाठीच काढलेली. अल्कोहोल पाण्याशी गट्टी करतं, हेक्झेन चरबीशी. धुवायला साध्या पाण्याऐवजी सोडियम सल्फेटचं द्रावण. चरबी वरच्या थरात येते, प्रथिनाचा चुरा क्लोरोफॉर्मपेक्षा कमी उतरतो. मिथेनॉलचं रजिस्टर नको हाही एक आराम. गुजरातेत दारूबंदी आहे आणि इथे मिथेनॉलवर सरकारची नजर फार कडक असते. आमच्याकडे कपाटाची किल्ली साहेबांकडे, मिलीमिलीचा हिशोब वहीत. (इथेनॉल मागवायचं तर त्याहून जास्त कागद. ज्या बडोद्यात १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक कंपनी काढली, ज्या नावाचा अर्थच मुळी ऊर्ध्वपातनाचं भांडं, तिथे एक लिटर ॲब्सोल्यूट अल्कोहोलसाठी मी तीन सह्या गोळा करते.)

तारलीवर हे मिश्रण झकास चाललं, फोल्चच्या अगदी जवळ. बोंबलावर किंचित मागे. अल्वावर आणखी मागे. पण शेवाळाच्या बाबतीत आयसोप्रोपॅनॉलचा वेगळाच उपयोग सापडला. वनस्पतीत चरबी तोडणारी एन्झाइम असतात, पेशी फुटली की ती कामाला लागतात आणि फॉस्फोलिपिडची मोडतोड करतात. ताजं शेवाळ आधी गरम आयसोप्रोपॅनॉलमध्ये काही मिनिटं बुडवलं की ती गप्प बसतात. आता कोणत्याही सॉल्व्हंटच्या आधी ओल्या अल्वाला मी ही आंघोळ घालते.

दोष एकच, ब्याऐंशी अंशाला उकळणारं आयसोप्रोपॅनॉल रोटावर संपता संपत नाही. तेलकट माशाला चार, बाकीच्यांना तीन.

एमटीबीई आणि मिथेनॉल

याचं पूर्ण नाव मिथाइल टर्शरी ब्यूटाइल ईथर, आणि ओळख पेट्रोलमुळे. अमेरिकेत पेट्रोलमध्ये घालायचे, जमिनीखालच्या पाण्यात उतरलं म्हणून कॅलिफोर्नियाने बंद केलं. चरबीसाठी २००८ पासून वापरात आहे. दहा भाग एमटीबीई, तीन मिथेनॉल, शेवटी अडीच पाणी. मला हे आवडेल असं वाटलं नव्हतं, कारण पेट्रोलपंपासारखा वास डोक्यात जातो आणि किंमत क्लोरोफॉर्मपेक्षा जास्त.

पण थर! एमटीबीई हलकं, चरबी वर. माशाचा चुरा सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी घट्ट बसतो. पिपेट वरून घालायची, वरूनच काढायची, चकतीतून खुपसणं नाही. दिवसाला वीस नमुने असले की हा फरक मनगटाला कळतो. जुन्या डायईथाइल ईथरसारखं हे सहजासहजी स्फोटक पेरॉक्साइड करत नाही, आणि टाकाऊ सॉल्व्हंट क्लोरीनवाल्या डब्यात जात नाही. क्लोरीनवाला डबा उचलायला आमच्याकडून जास्त पैसे घेतात, म्हणून साहेबही खूश.

उणं म्हणजे वरच्या थरात थोडं पाणी आणि पाण्यात विरघळणारी चिल्लर बरोबर येते, त्यामुळे नुसतं वजन करून चरबी काढाल तर आकडा फुगतो. सोडियम सल्फेटवरून सुकवून, उडवून, परत थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये घेऊन गाळावं लागतं. जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) फॅटी ॲसिड बघायची असतील तर एवढी काळजी नको. तिथे डीएचएचं प्रमाण फोल्चसारखंच निघालं. चार तारे, वासाचा पाव कापून.

इथिल ॲसिटेट, हिरवं सॉल्व्हंट म्हणून, एकदाच करून बघितलं. नेलपॉलिश काढायचा वास, हेक्झेनहून बरं, अल्कोहोल घातल्याशिवाय फॉस्फोलिपिडला अपुरं. पुढे नेलं नाही.

अल्वाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे सगळेच खोटं बोलतात. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलचा अर्क गडद हिरवा, बाटलीत बघताना भारी वाटतो. पण तो हिरवा रंग म्हणजे क्लोरोफिल, चरबी नव्हे, आणि शेवाळात चरबीच मुळात सुक्या वजनाच्या दोन-चार टक्के. रंगाचं वजन त्यात मिसळलं की टक्केवारी ओळखीची राहत नाही. कोलंबीच्या डोक्यांचंही तेच, नारिंगी ॲस्टाझँथिन येतं, फक्त दिसायला जास्त सुंदर. अशा नमुन्यांत मी आता वजनाचा आकडा अहवालात देते, पण खाली लिहिते की रंगासकट. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "म्हणजे नेमकी किती?" मग फॅटी ॲसिडची बेरीज वेगळी दिली, ती बरीच खाली होती, आणि फोनवर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

सॉल्व्हंट कोणतंही असो, एक गोष्ट सगळ्या बाटल्यांना सारखी केली: शंभर मिलीला दहा मिलिग्रॅम बीएचटी (खवटपणा रोखणारं रसायन) आधीच घालून ठेवलं, रोटाचं पाणी चाळीसच्या वर नेलं नाही, शेवटचं सुकवणं नायट्रोजनखाली. बीएचटीचं शिखर जीसीवर दिसतं, ते फॅटी ॲसिड समजून मोजू नका. मी एकदा मोजलंय.

या महिन्याची ऑर्डर अशी गेली: क्लोरोफॉर्म अडीच लिटर, अमिलीनवालं, तपकिरी बाटली. एमटीबीई अडीच लिटर. आयसोप्रोपॅनॉल पाच. मिथेनॉल वहीत जेवढं मंजूर होईल तेवढं. डीसीएम दिवाळीनंतर बघू. उरलेली तारली फ्रीझरमध्ये मोठ्या अक्षरात "खाण्यासाठी नाही" लिहून ठेवली आहे. घरी सासूबाई विचारतात, एवढी मासळी लॅबमध्ये पडून असते तर एखादी आणत का नाहीस, आणि माझ्या ओढणीचा वास घेऊन पुन्हा स्वतःच गप्प होतात.